कपची अर्ध्यावरच तुटते : दोष दगडाचा की हाताचा?

दगडाची हत्यारं घडवायला नव्याने बसलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. नदीतून, डोंगर कापलेल्या रस्त्याच्या कडेने, नांगरलेल्या रानातून दगड गोळा केला, गोट्याने ठोकला, आणि एक तर त्याचा चुरा झाला, नाहीतर कपची निघाली पण बोटाच्या पेराएवढी जाऊन मध्येच तुटली. मागे उरली उभी पायरी. दुसरा दगड घेतला तरी तेच, गोटा बदलला तरी तेच. मग जोर वाढतो आणि पायऱ्यांवर पायऱ्या चढत जातात.

दोन अगदी वेगळ्या कारणांची लक्षणं इथे सारखी दिसतात, हा खरा घोळ आहे. दगड मुळातच कपची न देणारा असेल तर ती अर्ध्यात तुटते. दगड उत्तम असला आणि फटक्याचा कोन चुकला तरीही ती अर्ध्यातच तुटते. दोन्ही एकदम सुधारायला गेलं तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. म्हणून आधी दोष कुणाचा ते ठरवायचं, आणि त्याला काचेची एक बाटली पुरते.

त्याआधी डोळे आणि फुप्फुसं

हे शेवटी तळटीप म्हणून लिहायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. चष्मा बाजूने बंद असलेला हवा. मांडीवर जाड चामडं, पायात बंद बूट, हातात मोजे. काम उघड्यावर, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं बसून करायचं. चर्ट (चकमकीसारखा बारीक कणांचा कठीण दगड), अकीक, गारगोटी या सगळ्यांत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावी बंदुकीच्या चकमकी घडवणाऱ्या कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला होता. ठोकण्यापेक्षा घासताना धूळ जास्त उडते, तेव्हा कड घासताना तोंडावर एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क ठेवा. कचरा कोरड्या झाडूने झाडू नका. ओला करून गोळा करा.

काच फोडून बघा

बाटलीची काच म्हणजे एकजिनसी पदार्थ. तिला कण नाहीत, थर नाहीत, आत लपलेल्या जुन्या भेगा नाहीत. त्यामुळे काचेवर काही बिघडलं तर ते हाताने बिघडवलेलं असतं. बाटली जाड कापडात गुंडाळून फोडा आणि तळाची जाड चकती वेगळी घ्या. गाडीची खिडकी किंवा शॉवरच्या दाराची टेम्पर्ड काच चालत नाही, तिचे चौकोनी दाणे होतात.

काच हा काही नवशिक्यांचा कमअस्सल पर्याय नाही. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा इशी १९११ मध्ये बाहेरच्या जगासमोर आला आणि १९१६ मध्ये वारला. मधल्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो लोकांसमोर बाणाची टोकं घडवत असे, आणि त्यातली कितीतरी बाटलीच्या काचेची होती. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या आदिवासींनीही भाल्याची देखणी पाती काचेतून काढली आहेत.

चकतीची कड खरखरीत दगडावर घासून थोडी बोथट करा. मग लाकडी मुठीत बसवलेल्या तांब्याच्या जाड खिळ्याने, चकती तळहातावरच्या चामड्यात धरून, कडेवरून आत दाब द्या आणि शेवटी किंचित खाली ओढा. कपच्या चकतीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत सलग जात असतील तर हात ठीक आहे. दगडावर मात्र तुम्ही गोट्याने ठोकणार, म्हणून दुसऱ्या एका चकतीवर सुपारीएवढ्या गोट्याने ठोकूनही बघा. काचेला दगडापेक्षा कमी जोर लागतो, एवढं लक्षात ठेवा.

काचेवरही पायऱ्याच पडत असतील तर दगड शोधत हिंडू नका, खाली हाताच्या दोषांचा भाग आहे तिकडे जा. काच नीट निघते आणि दगड मात्र निघत नाही, असं असेल तर पुढे वाचा.

तुटलेली कपची काय सांगते

फेकून देण्याआधी कपची उचलून जिथे तुटली तो पृष्ठभाग बघा. तिथे तांबूस किंवा पिवळट डाग असेल, माती भरलेली असेल, तर ती भेग तुमच्या फटक्याने झालेली नाही. पाणी आणि लोह आत शिरायला काळ लागतो. दगड आधीच फुटलेला होता, तुम्ही फक्त तुकडे वेगळे केले. पृष्ठभाग ताजा आणि आतल्या रंगाचा असेल तर तूट आत्ताची.

दुसरी खूण पायऱ्यांच्या जागेची. वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या कपच्या एकाच पातळीवर येऊन थांबतात का? मग तिथे आत थर किंवा शीर आहे. पायऱ्या कुठेही पडतात आणि सोबत कडही चुरगळते, असं असेल तर बहुधा दगड निर्दोष.

चांगल्या दगडाच्या कपचीवर, फटका बसला तिथे खाली एक लहान फुगवटा दिसतो आणि तिथून शिंपल्यावर असतात तशा लहरी पसरत जातात. भूशास्त्रात याला शंखाभ भंग म्हणतात. लहरी दिसत नसतील, पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार असेल, तर त्या दगडातून नाजूक टोकं निघणार नाहीत. अवजड हत्यारं निघू शकतात, त्याबद्दल पुढे.

घरी आणण्याआधी दगड पारखणं

निम्म्याहून जास्त त्रास इथेच वाचतो, पण नेमकं हेच टाळलं जातं. रंग आणि चकाकी बघून पिशवी भरली जाते.

दगड बोटांच्या टोकांवर सैल तोलून धरा आणि दुसऱ्या लहान दगडाने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर आतून सलग आहे. बद्द आवाज आला तर आत भेग आहे, तिथेच सोडा. मुठीत आवळून धरलं तर चांगला दगडही बद्द वाजतो.

मग ओरखडा. क्वार्ट्झ कुळातले दगड कठीणपणाच्या मोहस् मापावर ७ च्या आसपास, काच साधारण ५.५, चुनखडी ३. दगडाच्या कोपऱ्याने काचेवर ओरखडा उठत नसेल तर त्यात पुरेशी सिलिका नाही. अपवाद ऑब्सिडियनचा, तो स्वतःच ज्वालामुखीतली काच आहे. पण ही चाचणी फक्त नापास करण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही. ग्रॅनाइटही काच ओरखडतो, आणि ग्रॅनाइटची कपची काढायला बसलात तर दिवस फुकट जाईल.

म्हणून कोपरा फोडून आत बघणं आलंच. बाहेरच्या सालीवरून काही कळत नाही. मेणचट, तेलकट किंवा काचेसारखी झाक आणि डोळ्यांना कण न दिसणं, हे हवं. कपचीची पातळ कड उजेडासमोर धरा. चर्ट, अकीक, कॅल्सेडनी (अकीकाच्याच जातीचा, पट्टे नसलेला दगड) यांची कड मंद उजेड पार होऊ देते. त्याच कुळातला अपारदर्शक जॅस्पर देत नाही, तरी चांगला फुटतो.

नदीतल्या गोट्यांबद्दल एक सूचना. वाहत आलेला गोटा आपटत आपटत आलेला असतो, त्यामुळे कमकुवत दगड वाटेतच गळून पडतात. ही जमेची बाजू. पण त्याच आपटण्याने सालीवर नखाच्या चंद्रकोरीएवढ्या बारीक भेगा झालेल्या असतात आणि त्या खोल जातात. असे व्रण दाट असलेला गोटा चांगला वाजला तरी साल पूर्ण उतरेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उन्हात, थंडीत, वणव्यात वर्षानुवर्षं उघडा पडलेला दगडही असाच फसवतो. त्याच थरातला मातीखालचा तुकडा मिळाला तर तो घ्या.

शोधायचं कुठे, तर खडक ओळखून. चुनखडीच्या थरांमध्ये चर्टच्या गाठी आणि पट्टे असतात. चुनखडी झिजते आणि चर्ट ओढ्यांत उरतो. बेसॉल्टच्या जुन्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर सिलिकेने भरतात, तिथे अकीक, कॅल्सेडनी आणि जॅस्पर मिळतात. ऑब्सिडियन सिलिकासमृद्ध आणि भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण लाव्ह्यातच मिळतो, कारण ज्वालामुखीची काच काळाबरोबर हळूहळू स्फटिकरूप घेते. फार जुन्या खडकांच्या प्रदेशात तो शोधण्यात अर्थ नाही.

जागेच्या मालकाला विचारा. अभयारण्यातून आणि संरक्षित ठिकाणाहून काही उचलू नका. जमिनीवर आधीच घडवलेल्या कपच्या विखुरलेल्या दिसल्या तर तिथला एकही दगड हलवू नका, ती पुरातत्त्वाची जागा असू शकते. तुमच्या स्वतःच्या कपच्याही रानात टाकून येऊ नका. हजारो वर्षांपूर्वीच्या आणि कालच्या कपचीत नुसत्या नजरेने फरक करणं अवघड असतं, पुढे कुणी अभ्यासक भलत्याच निष्कर्षाला पोचेल. ताडपत्रीवर बसा, कचरा पुरायचाच झाला तर त्यात सालाचा आकडा असलेलं नाणं टाका.

मिळालेला दगड भरड असेल तर

बहुतेकांना मिळतो तो बेसॉल्ट, क्वार्टझाइट (वाळूचा दगड घट्ट होऊन बनलेला खडक) किंवा पांढरी गारगोटी. चित्रांतली पारदर्शक पाती बघून लोक याच दगडांतून तशी पाती काढायला जातात आणि निराश होतात. दोष दगडाचा नाही, अपेक्षेचा आहे.

क्वार्टझाइट घ्या. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळच्या अत्तिरमपक्कमला जी पुराश्मयुगीन हत्यारं गोळा केली ती क्वार्टझाइटची होती, हातकुऱ्हाडींसकट. म्हणजे या दगडातून सुबक काम होतं, फक्त ते मोठं आणि जाड असतं. मुठीपेक्षा मोठा, गुळगुळीत, जड गोटा मारायला घ्या. फटका कडेपासून जरा आत द्या, काचेला द्याल त्याहून बराच आत. काठाला चिकटून मारलं तर काठ फक्त चुरगळतो. दाब देऊन बारीक कपच्या काढायचा नाद इथे सोडा.

बेसॉल्टमध्ये जातीजातीत फार फरक आहे. पोकळ्यांनी भरलेला किंवा ज्यात पांढरे स्फटिक ठळक दिसतात तो कामाचा नाही. एकसारखा काळा, फोडल्यावर मऊसर पोताचा, खणखणीत वाजणारा मात्र चांगल्या कपच्या देतो. तो चिवट असतो, जोर लागतो, आणि काळ्या रंगावर लहरी दिसत नाहीत म्हणून तिरप्या उजेडात बसून काम करावं लागतं.

पांढरी गारगोटी सगळ्यात हट्टी. तिच्यात स्फटिकांच्या सीमा आणि जुन्या भेगा इतक्या असतात की कपची मनाला येईल तिकडे जाते. तिच्यासाठी, आणि लिंबाएवढ्या लहान गोल गोट्यांसाठी, वेगळी युक्ती आहे: गोटा मोठ्या सपाट दगडावर उभा धरा आणि वरून दुसऱ्या दगडाने सरळ खाली ठोका. वरून आणि खालून दोन्हीकडून बळ मिळतं, आणि ज्याला सपाट बाजूच नाही असा गोटा दुभंगतो. जगभरच्या अश्मयुगीन लोकांनी लहान गारगोट्या अशाच फोडल्या. निघालेल्या पात्यांना आकार नसतो, पण धार असते. बोटं मात्र जपा. गोटा चामड्याच्या पट्टीत किंवा दोरीच्या वेढ्यात धरला तर हात लांब राहतो.

अकीकाची अडचण वेगळी आहे. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक दिसतो सुंदर, पण मध्यभागी स्फटिकांची पोकळी असेल तर कपची तिथे येऊन मरते. कडेचा एकजिनसी भाग वेगळा करून तेवढाच वापरा.

आता हाताचे दोष

ज्या सपाट भागावर फटका बसतो त्याला मी माथा म्हणतो. माथा आणि ज्या बाजूची कपची काढायची ती बाजू, यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. ७० च्या आसपास असेल तर काम सोपं जातं. गोल गोट्याला असा कोनच कुठे नसतो, म्हणून त्याच्यावर नवशिक्यांचे फटके वाया जातात. आधी एक टोक उडवून माथा तयार करा, नाहीतर वर सांगितलेल्या रीतीने गोटा दुभंगा आणि अर्ध्या भागावर काम करा.

फटका बसतो त्या बिंदूपासून भेग शंकूसारखी उलगडत जाते. ती फटक्याच्या रेषेत सरळ धावत नाही. पायऱ्यांचं मोठं कारण हेच: माणूस दगडाच्या पोटाकडे नेम धरून मारतो, भेग आत घुसते आणि तिथेच बळ संपतं. दगड थोडा कलता धरा, म्हणजे फटका कडेजवळ उतरून बाहेर निसटेल आणि कपची खालच्या बाजूने सुटेल. दोन्ही बाजूंनी घडवायच्या पात्यात माथा जाडीच्या मध्यरेषेवर नको. ज्या बाजूची कपची काढायची त्या बाजूकडे तो झुकलेला हवा. मध्यरेषेवर किंवा पलीकडे मारलं की पातं मधोमध फुटतं.

कड चुरगळून कपची आखूड निघते, यावर उपाय कंटाळवाणा आहे म्हणून लोक तो टाळतात: प्रत्येक फटक्याआधी कड खरखरीत दगडावर घासायची. पातळ, धारदार कड फटका सोसत नाही, तिथल्या तिथे मोडते आणि बळ आत पोचतच नाही. घासलेली कड बोटाला बोथट लागली पाहिजे. काच असो, चर्ट असो, नियम तोच. माझ्या मते कपच्या आखूड पडण्याच्या तक्रारी निम्म्या इथेच मिटतात.

भेगेला वाट लागते. पृष्ठभागावर उभा कंगोरा असेल तर ती त्याच्या अंगाने लांबवर जाते, सपाट किंवा खोलगट भागावर पसरते आणि थांबते. म्हणून आधीच्या दोन कपच्यांच्या मध्ये उरलेला कंगोरा बघा आणि बरोबर त्याच्या डोक्यावर मारा. लांब पाती काढणारे प्राचीन कारागीर तर पहिल्या पात्यासाठी गाभ्यावर, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्यावर, मुद्दाम कंगोरा घडवत.

कपचीचं टोक कसं संपतं त्यावरूनही निदान होतं. उभं तुटलेलं टोक म्हणजे पायरी: जोर कमी, कोन आत, किंवा आधीची पायरी आडवी आली. गुळगुळीत गोल वळलेलं टोक म्हणजे भेग वेळेआधीच बाहेर वळली. फटका फार बाहेरच्या दिशेने गेला किंवा समोर सपाट जागा होती. पलीकडची कडच सोबत घेऊन गेली तर जोर जास्त झाला. पातं तुम्ही मारलं तिथे न तुटता लांब कुठेतरी आडवं मोडलं, तर ते हादऱ्याने मोडलं. लांब पातळ नग मांडीवरच्या चामड्यात पूर्ण लांबीभर टेकवून धरा.

पडलेल्या पायरीवर त्याच दिशेने पुन्हा मारू नका. समोरच्या कडेने माथा तयार करून उलट दिशेने कपची काढा, ती पायरीच्या खालून जाईल इतकी जाड. नाहीतर शेजारच्या कंगोऱ्यावरून तिरपी. दोन्ही जमत नसेल तर तो नग सोडा, त्यावर शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मारायचं साधन दगडाच्या मानाने निवडा. पातळ कामाला फार कठीण गोटा कड फोडतो. वाळूचा दगड किंवा चुनखडीचा गोटा थोडा मऊ असतो, क्षणभर जास्त टेकतो आणि कपची पातळ, रुंद निघते. हरणाचं शिंग नावाजलेलं आहे, पण कित्येक देशांत, भारतातही, ते बाळगणं वन्यजीव कायद्यात अडकवू शकतं. लाकडी दांड्याला तांब्याची गोल टोपी बसवली तर ते काम बहुतेक भागतं.

शेवटचा उपाय: भट्टी

हात ठीक, दगड सलग, तरी कपच्या चिवटपणे आखूडच. असा दगड चर्ट, कॅल्सेडनी किंवा जॅस्पर असेल तर तापवून बघता येतो. ही युक्ती फार जुनी: दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंट इथे सिल्क्रीट नावाचा दगड किमान ७२ हजार वर्षांपूर्वी तापवून घडवला गेल्याचे पुरावे आहेत. बेसॉल्टवर आणि ऑब्सिडियनवर याचा काही उपयोग नाही.

अख्खा गोटा तापवू नका. जाड कपच्या आणि अर्धवट घडवलेले नग वाळूत पुरून ठेवा. आधी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास दिवसभर वाळवा, कारण आत पाणी राहिलं तर दगड स्फोटासारखा फुटतो. मग तासाला २५ ते ३० अंशांच्या वेगाने वर न्या. पहिल्यांदा २०० ते २५० वर काही तास ठेवून थांबा. फरक पडला नाही तर पुढच्या खेपेला ३०० पर्यंत. नंतर भट्टी न उघडता पूर्ण निवू द्या, हात लावता येईपर्यंत.

पिवळसर दगड लाल होतो, कारण त्यातल्या लोहखनिजातलं पाणी निघून जातं. पण रंगावरून निकाल लावू नका. एक कपची काढा: जुना पृष्ठभाग मंद आणि नव्या व्रणाला तेलकट चकाकी असेल तर काम झालं. तापवलेला दगड हलक्या हाताने फुटतो, म्हणून जोर कमी करा, नाहीतर पाती मोडतील. पृष्ठभागावरून वाटीसारख्या गोल टिकल्या उडाल्या किंवा आत जाळीदार भेगा दिसल्या, तर उष्णता जास्त झाली किंवा वेग जास्त झाला. तो नग परत दुरुस्त होत नाही. त्याच खाणीतल्या पुढच्या तुकड्यांना ५० अंश खालीच थांबवा.